कॅलेंडरातल्या फुल्या

२००६ च्या पावसाळ्यात, पुण्यातल्या वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही सहाजणी दिवे घालवून एकाच संगणकासमोर दाटीवाटीनं बसलो होतो. कुणीतरी 'द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ' आणला होता. सिनेमा सत्य घटनेवर आधारलेला आहे हे कळल्याबरोबर एकीनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. बाहेर पावसानं धार धरली होती. घाबरायला सगळं जुळून आलं होतं.

मग कोठारातला तो प्रसंग आला. पडद्यावरही रात्र, तिथंही पाऊस. पाद्री त्या मुलीसमोर उभा राहून पुन्हा पुन्हा विचारतो, तुझं नाव सांग. आणि त्या एका मुलीच्या तोंडून सहा नावं बाहेर पडतात. केन, नीरो, ज्यूडास अशी बदनाम नावं एकेक करत शेवटी खुद्द सैतान, ल्यूसिफर.

मैत्रिणी किंचाळल्या. मी उठून बाहेर गॅलरीत गेले. सगळ्यांना वाटलं, ही घाबरली. घाबरले होतेच, पण त्या आवाजांना नाही. तो प्रश्न मी आधी ऐकलेला होता. आठ वर्षांची असताना, आमच्या गावापासून दोन कोसांवरच्या एका पत्र्याच्या खोपटात. "बोल, कोण हाईस तू? कुठनं आलास? नाव सांग!" धाकट्या आत्याचे केस त्या माणसाच्या मुठीत होते आणि आत्याच्या चपला माझ्या हातात.

तो सिनेमा नंतर मी एकटीनं पुरता पाहिला. मग पुन्हा पाहिला. त्यामागची खरी मुलगी कोण, हे शोधत गेले आणि गेली कितीतरी वर्षं ती मुलगी माझ्या मनातून जात नाही.

तिचं नाव आनेलीझ मिशेल. जन्म २१ सप्टेंबर १९५२, जर्मनीतल्या बव्हेरियात. माइन नदीकाठचं क्लिंगेनबर्ग हे तिचं गाव. वडलांची लाकूड कापायची गिरणी होती आणि घर कट्टर कॅथलिक. सोळा वर्षांची असताना, १९६८ साली, तिला पहिला झटका आला. व्युर्त्सबुर्गच्या डॉक्टरांनी निदान केलं अपस्माराचं, मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठणाऱ्या अपस्माराचं.

या प्रकारच्या अपस्माराबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. आपल्याकडं फिट म्हटलं की जमिनीवर पडून हातपाय झाडणारं, तोंडाला फेस आलेलं माणूस डोळ्यांसमोर येतं. इथं तसं दर वेळी होत नाही. पोटातून एकदम भीतीचा गोळा वर येतो. नसलेला वास येतो, बहुतेकदा काहीतरी जळल्याचा किंवा कुजल्याचा. हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटतं. माणूस टक लावून बघत राहतं, ओठ चावतं, कपडे चाचपतं, आणि शुद्धीवर आल्यावर त्या वेळचं त्याला सहसा काही आठवत नाही. काहींना पुढं भास होऊ लागतात, चेहरे दिसतात, आवाज येतात. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते त्या घरातल्या मुलीला कुणाचे चेहरे दिसणार आणि कुणाचे आवाज येणार? आनेलीझला प्रार्थना करताना सैतानी चेहरे दिसायचे. तू नरकात सडणार, असं सांगणारे आवाज यायचे.

औषधं चालू होती. वर्षानुवर्षं चालू होती. झटक्यांवरची होती, मनाच्या आजारावरची होती, आणि तरी तिला बरं वाटत नव्हतं. १९७३ साली ती व्युर्त्सबुर्गच्या विद्यापीठात दाखल झाली, तिला शिक्षिका व्हायचं होतं. म्हणजे चेहरे दिसत असताना, आवाज येत असताना ही मुलगी वर्गात बसत होती, वह्या लिहीत होती. तिच्याबद्दल वाचताना मला तिचं हे बळ पहिल्यांदा जाणवतं. सिनेमात बळ दिसतं ते तिच्यात शिरलेल्यांचं.

डॉक्टरांवरचा तिचा विश्वास हळूहळू उडाला. घरच्यांचाही उडाला. इटलीतल्या सान दामियानो या ठिकाणी तीर्थयात्रेला गेली असताना तिला क्रूसाजवळ जाता येईना, तिथलं पवित्र पाणी पिता येईना, आणि सोबतच्या बाईंची खात्री पटली की हे बाहेरचं आहे. "बाहेरचं आहे" हे शब्द अर्थातच माझे. आमच्याकडं हेच म्हणतात.

घरच्यांनी चर्चकडं धाव घेतली. आधी नकार मिळाला, उपचार चालू ठेवा असं सांगण्यात आलं. हे नोंदवायला हवं, कारण भूत उतरवण्याच्या ज्या विधीसाठी ते गेले होते त्याच्या १६१४ सालच्या विधीग्रंथातला एक नियम असा आहे की पाद्र्यानं कुणाला पछाडलंय यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. चारशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यालाही हा धोका ठाऊक होता. पण सप्टेंबर १९७५ मध्ये व्युर्त्सबुर्गचे बिशप योझेफ श्टांगल यांनी परवानगी दिली, आणि सगळं गुप्त ठेवायला सांगितलं. आर्नोल्ड रेन्झ आणि एर्न्स्ट आल्ट या दोन पाद्र्यांनी विधी सुरू केला.

पहिला विधी २४ सप्टेंबर १९७५ ला झाला, शेवटचा ३० जून १९७६ ला. मधल्या २८० दिवसांत एकंदर ६७ विधी झाले. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. एकेक विधी कधी चार तासांपर्यंत चालायचा.

सिनेमात एक रात्र आहे. लेखक-दिग्दर्शक स्कॉट डेरिक्सन यांनी गोष्ट जर्मनीतून उचलून अमेरिकेत नेली, मुलीचं नाव एमिली ठेवलं आणि सगळं एका पावसाळी रात्रीत, एका कोठारात आणून बसवलं. त्यांची अडचण मला कळते. दोन तासांच्या सिनेमात ६७ वेळा तेच कसं दाखवणार? पण त्या एका निवडीनं गोष्टच बदलून जाते. एका रात्रीत कुणाला विचार करायला वेळ नसतो. वीज कडाडते, दारं आपटतात, आणि माणसं जे करतात ते भांबावून करतात. २८० दिवसांत मात्र प्रत्येक विधीनंतर माणसं आपापल्या घरी जातात. जेवतात, झोपतात, सकाळी उठतात. नाताळ येतो, ईस्टर येतो. मुलीचा गाल आणखी आत गेलेला दिसतो. आणि चार दिवसांनी पुन्हा सगळे त्याच खोलीत जमतात.

खरी भीती मला या तारखांची वाटते.

त्या खोलीत टेपरेकॉर्डर होता. विधीच्या ४२ ध्वनिफिती भरल्या, पुढं त्या न्यायालयातही ऐकवल्या गेल्या. त्यातले तुकडे इंटरनेटवर फिरतात, लोक रात्री कानाला लावून ऐकतात, एकमेकांना पाठवतात. मी एकदाच ऐकलं, अर्धं मिनिट. घोगरा, घशातून ओरबाडून काढलेला आवाज. मग बंद केलं, कारण मनात एकच गोष्ट येत राहिली: फीत संपल्यावर कुणीतरी उठत असेल. खटका दाबून ती बाहेर काढत असेल, नवी घालत असेल, तिच्यावर तारीख लिहीत असेल. इतकी काळजीपूर्वक नोंद त्या खोलीत होत होती. तिच्या आवाजाची.

जेवण मात्र थांबलेलं होतं. आनेलीझ म्हणायची, आतले मला खाऊ देत नाहीत. भरकटलेल्या तरुणांसाठी आणि वाट चुकलेल्या पाद्र्यांसाठी आपण प्रायश्चित्त भोगतोय, अशीही तिची श्रद्धा होती. दिवसाला शेकडो वेळा गुडघे टेकून टेकून तिच्या गुडघ्यांचे स्नायुबंध फाटले. शेवटी शेवटी तिच्याच सांगण्यावरून घरच्यांनी डॉक्टर बंद केले. आईला तिनं शेवटचं जे सांगितलं ते नोंदलेलं आहे: आई, मला भीती वाटते. १ जुलै १९७६ ला ती गेली. वय २३. वजन सुमारे ३१ किलो. शवविच्छेदनात कारण निघालं उपासमार आणि शरीरातलं पाणी आटणं.

ती रात्र मी गॅलरीत काढली तेव्हा मीही तेवीस वर्षांची होते.

आत्याचं सांगते.

ती माझ्या वडलांची धाकटी बहीण. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यातलं. आत्याला पहिल्यांदा झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. विहिरीवरून घागर आणताना थबकली, घागर हातातून सुटली, आणि ती समोर बघत राहिली. मागून येणाऱ्या बायकांनी हाका मारल्या तरी हलेना. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती आणि पदराचं टोक चिमटीत धरून चोळत होती. दोन-तीन मिनिटांनी भानावर आली आणि विचारू लागली, "करपल्याचा वास कुठनं येतोय?"

त्या विहिरीत काही वर्षांपूर्वी एका घरच्या सुनेनं उडी घेतली होती. गावाला याहून जास्त पुरावा लागला नाही. "तिनंच धरलंय पोरीला."

पुढचं सगळं ज्यांनी खेड्यात पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. नाकाला कांदा, नाकाला चप्पल. मुठीत लोखंडी किल्ली. मीठ-मोहऱ्या ओवाळणं, लिंबं, तिठ्यावर उतारा. मग दर अमावस्येला देवऋष्याचं खोपट. आजी घेऊन जायची. मला सोबत न्यायची, कारण आत्या माझा हात धरला की शांत चालायची.

आजी दुष्ट नव्हती, हे मला ठासून सांगायचंय. तिनं आपल्या पाटल्यांतली एक मोडली होती देवऋष्याच्या दक्षिणेसाठी, कोंबड्यांसाठी, नारळांसाठी. रात्री आत्याच्या उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवताना ती रडायची, आणि पोर जागी होईल म्हणून पदर तोंडात कोंबायची. क्लिंगेनबर्गच्या त्या घराबद्दल वाचताना मला त्या आईवडलांचा राग करता येत नाही तो यामुळेच. त्यांना मुलगी मारायची नव्हती. त्यांना ती वाचवायची होती, तिच्या देहापलीकडचं जे काही होतं तेही वाचवायचं होतं, आणि त्या नादात देह मागं राहिला.

खोपटात ऊद जळायचा. पत्रा तापलेला असायचा. देवऋषी आत्याचे केस धरून डोकं गदागदा हलवायचा आणि विचारायचा, कोण हाईस तू? पहिल्या दोन अमावास्यांना आत्या गप्प होती. नुसती रडत होती. "मी हाय. मीच हाय," म्हणत होती. ते उत्तर चालत नव्हतं. वेताची छडी पायांच्या पोटऱ्यांवर बसायची. तिसऱ्या वेळी तिनं त्या विहिरीतल्या सुनेचं नाव घेतलं. खोपटातली सगळी माणसं एकदम सुटल्यासारखी हलली, कुणीतरी हात जोडले, आजीनं डोळे मिटले. छडी थांबली.

मी हे दाराशी बसून पाहिलं आहे. नाव कसं मिळतं ते पाहिलं आहे.

आनेलीझच्या तोंडून आलेली नावं केन, ज्यूडास, नीरो, ल्यूसिफर. पण आणखी दोन होती, जी सिनेमानं गाळली. एक हिटलर. दुसरं फ्लाइशमन, जुन्या काळातला त्याच मुलखातला एक बदनाम पाद्री. महायुद्ध संपून सात वर्षांनी जन्मलेली जर्मन मुलगी, चर्चच्या सावलीत वाढलेली. तिच्या भीतीला तिच्याच भूमीतली नावं मिळाली. आमच्या आत्याला हिटलर ठाऊक नव्हता. तिला विहिरीतली सून ठाऊक होती. न्यायालयात मानसतज्ज्ञांनीही हेच सांगितलं की आनेलीझच्या आजाराला आत भरायला जो मजकूर मिळाला तो आसपासच्या श्रद्धावंतांकडून मिळाला. मला या वाक्यासाठी कुठल्या पदवीची गरज नव्हती.

देवऋष्यानं आत्याला उपास सांगितले. मंगळवार, शनिवार, अमावस्या, पौर्णिमा. निरंकार, पाणीसुद्धा सूर्य मावळल्यावर. "आतल्याला खायला मिळालं न्हाई की जातंय आपसूक." दोन-तीन महिन्यांत आत्याच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. उपाशी पोटी, अपुऱ्या झोपेवर झटके जास्त येतात, हे तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत असणार? झटके वाढले की देवऋषी म्हणायचा, जोर करतंय, जायची वेळ आलीय. म्हणजे उपास वाढवा.

माझी आई त्या घरात सून होती. सासूपुढं तोंड उघडायची पद्धत नव्हती आणि देवऋष्यापुढं तर नव्हतीच. तिनं वाद घातला नाही. रात्री सगळे झोपले की ती चुलीपाशी जायची, भाकरी दुधात कुस्करायची, वर गुळाचा खडा फोडून टाकायची आणि वाटी घेऊन आत्याच्या अंथरुणाशी बसायची. "वन्सं, दोन घास खाऊन घ्या." आत्या म्हणायची, "वहिनी, आज शनवार हाय. मला भ्या वाटतंय." आई म्हणायची, "बारा वाजून गेलेत. रविवार लागला." घरात घड्याळ होतं ते बाहेरच्या सोप्यात. बारा वाजलेत की नाही हे आईनं कधीच जाऊन पाहिलं नाही. मी गोधडीतून बघायचे. चमचा वाटीला लागून आवाज होऊ नये म्हणून ती हातानं भरवायची.

आणि दुसरी गोष्ट तिनं केली ती भिंतीवरच्या कॅलेंडरावर. आत्याला झटका आला की त्या तारखेच्या चौकटीत ती पेन्सिलीनं छोटी फुली काढायची. दुधाचा हिशेब लिहिलेला असायचा त्याच्याच बाजूला. दोनदा आलं तर दोन फुल्या. आजीनं एकदा विचारलं तर म्हणाली, गवळ्याचा खाडा आहे. कशासाठी करत होतीस, असं मी तिला मोठेपणी विचारलं. तिला नीट सांगता आलं नाही. "कुणीतरी मोजायला नको का गं?" एवढंच म्हणाली.

सहा महिन्यांची कॅलेंडरं घेऊन वडील आणि आई शेवटी आत्याला मिरजेला घेऊन गेले. आजीला सांगितलं, लग्नाचं स्थळ बघायला चाललोय. डॉक्टरांनी आत्याला तपासायच्या आधी त्या फुल्या पाहिल्या. बोट ठेवत ठेवत मोजल्या. मग विचारलं, हे कुणी लिहिलं? आणि आईकडं बघून म्हणाले, "यातलं निम्मं निदान तुम्हीच करून आणलंय." उपासाच्या दिवसांच्या पुढच्या चौकटींत फुल्यांची गर्दी झालेली त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवली.

औषध सुरू झालं. जादू झाली असं मी सांगणार नाही, कारण झाली नाही. पहिल्या औषधानं आत्याच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, ब्रश केला की रक्त यायचं, ती हसायची बंद झाली. औषध बदललं. नव्या औषधानं झोप झोप व्हायचं. मधे एकदा तिनं सगळं सोडून दिलं आणि आठवड्यात तिला असा मोठा झटका आला की जीभ तुटायची राहिली. या गोळ्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात, हे त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं. आनेलीझ औषधांना का कंटाळली असेल, हे मला आत्यामुळं समजतं. वर्षानुवर्षं गोळ्या घ्यायच्या, देहाचे हाल सोसायचे, आणि तरी चेहरे दिसायचेच. अशा वेळी कुणी प्रेमानं म्हणालं की हा आजारच नाही, याला एक अर्थ आहे, देवानं तुला निवडलंय, तर त्या शब्दांचा केवढा आधार वाटत असेल.

सिनेमा याच आधाराकडं झुकतो. त्यात न्यायालय आहे, उलटतपासणी आहे, लॉरा लिनी यांची देवाबद्दल साशंक असलेली वकील आणि टॉम विल्किन्सन यांचा शांत, थकलेला पाद्री आहे. दोन्ही बाजू मांडल्यासारख्या वाटतात. जेनिफर कारपेंटर यांनी एमिलीच्या देहाचे जे हाल दाखवलेत ते बहुतांशी स्वतःच्या शरीरानं, संगणकाची फारशी मदत न घेता. तिचं ते वाकडं झालेलं मनगट, आ वासलेलं तोंड बघून मला खोपट आठवलं, इतकं ते खरं होतं. पण शेवटाकडं एमिलीचं एक पत्र वाचलं जातं. तिला मेरीमातेचं दर्शन झालंय. देह सोडून माझ्याबरोबर ये, किंवा मागं राहून भोग, म्हणजे जगाला कळेल की या गोष्टी खऱ्या आहेत. एमिली मागं राहायचं निवडते. त्या क्षणी तिचा मृत्यू बलिदान होऊन जातो. प्रेक्षकाला रडू येतं, मलाही आलं. मात्र ते पत्र ऐकल्यावर प्रेक्षक विचारत नाही, तिच्यासमोर शेवटचं ताट कधी ठेवलं होतं?

आशाफेनबुर्गच्या न्यायालयानं तेवढंच विचारलं. १९७८ च्या मार्च अखेरीला खटला उभा राहिला. सैतान असतो की नसतो हे ठरवायला न्यायाधीश बसले नव्हते. मृत्यूच्या आठवडाभर आधी जरी डॉक्टर बोलावला असता तरी मुलगी वाचली असती, असं वैद्यकीय पुराव्यातून पुढं आलं. आईवडील आणि दोन्ही पाद्री निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोषी ठरले. शिक्षा सहा महिन्यांची, तीही निलंबित, सोबत तीन वर्षांची देखरेख. सरकारी पक्षानं याहून कमी मागितलं होतं. त्याचं म्हणणं होतं की पाद्र्यांना दंड करा, आईवडलांनी पुरेसं भोगलंय.

खटल्याच्या आधी, त्या फेब्रुवारीत, आणखी एक गोष्ट झाली. एका जोगिणीला दृष्टांत झाला की आनेलीझचा देह कबरीत जसाच्या तसा आहे. आईवडलांनी कबर उघडायला लावली. दीड वर्षात माणसाच्या देहाचं जे होतं तेच झालं होतं, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. मी या प्रसंगाशी फार वेळा थांबते. त्या आईला त्या दिवशी काय हवं असेल? आपण चुकलो नव्हतो याची खूण. एवढं मोठं दुःख पोटात घालून जगायचं तर त्याला काहीतरी अर्थ हवाच. ती बाई पुढंही कितीतरी वर्षं त्याच गावात राहिली आणि आपण बरोबरच केलं, असं म्हणत राहिली. माझी आजीही शेवटपर्यंत म्हणायची, "मिरजेला नेलं तवा निम्मं उतरलंच होतं." आम्ही कुणी तिला खोडून काढलं नाही.

याच घटनेवर जर्मनीत २००६ साली 'रेक्वीएम' नावाचा सिनेमा झाला. हान्स-क्रिस्टियान श्मिड यांचा. त्यात घोगरे आवाज नाहीत, विजा नाहीत. सांड्रा ह्युलर यांना त्यातल्या कामाबद्दल बर्लिन महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल हे पारितोषिक मिळालं. मुलगी घर सोडून शिकायला जाते, नाचते, प्रेमात पडते, टंकलेखन यंत्रावर निबंध लिहायला बसते आणि बोटं अडतात. बघताना सतत वाटत राहतं की अजून वेळ आहे, अजूनही कुणीतरी हिला हाताला धरून बाहेर काढेल. मृत्यू पडद्यावर येतच नाही. ज्यांना एमिली रोझ आवडला त्यांनी हा जरूर पाहावा. भीती वाटेल याची खात्री देते, फक्त ती वेगळ्या जागी वाटेल.

चर्चनंही १९९९ साली तो जुना विधी बदलला. वैद्यकाचा सल्ला घेण्यावर नव्या विधीत भर आहे.

आपल्याकडं बदल यायला २०१३ उजाडलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं महाराष्ट्र पिंजून काढला, तो त्यांच्या डोळ्यांदेखत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात पुलावर त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. मी तो कायदा छापून घेतला होता. अनुसूचीतला पहिलाच मुद्दा वाचला आणि कागद खाली ठेवला. भूत उतरवण्याच्या बहाण्यानं दोराने किंवा साखळीने बांधून ठेवणं, काठीने मारहाण, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं. आमचं खोपट होतं तसं कायद्याच्या भाषेत उतरलेलं होतं. आता यासाठी सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. छपाईतल्या त्या चार ओळींवरून मी किती वेळ हात फिरवत बसले होते.

जगात सुमारे पाच कोटी माणसांना अपस्मार आहे. योग्य औषधं मिळाली तर त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत माणसांचे झटके पूर्ण थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्या उरलेल्या तीस टक्क्यांतली. तिला अजून होतं, वर्षातून तीन-चार वेळा. लग्न नाही झालं. आईनं तिला शिवणाचा क्लास लावला आणि आज गावातली निम्मी पोलकी तिच्या मशिनीवर शिवली जातात. झटका आला तर काय करायचं हे तिनं शेजारच्या पोरांना शिकवून ठेवलंय. कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण काढा, तोंडात काही घालू नका, घट्ट दाबून धरू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी काढा. पोरं हे पाढ्यासारखं म्हणून दाखवतात.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्यानंतर माळा आवरायला काढला तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत सुतळीनं बांधलेली कॅलेंडरं निघाली. जवळजवळ तीस वर्षांची. सुरुवातीची पानं पिवळी पडून कडांना चुरा झालेली. मी १९९१ चं उघडलं. एका महिन्यात अकरा फुल्या होत्या, दुधाच्या हिशेबाशेजारी. एका शनिवारच्या चौकटीत फुलीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "खाल्लं". पुढच्या मंगळवारी पुन्हा, "खाल्लं". पान उलटत गेले तसा तो शब्द येतच राहिला.

आत्या शेजारी येऊन बसली. चष्मा लावून तिनं ते पान बराच वेळ पाहिलं. मग उठून आत गेली आणि भिंतीवरचं यंदाचं कॅलेंडर काढून घेऊन आली. आदल्या आठवड्यात एकदा झालं होतं ते मांडायचं राहून गेलं होतं. तेराव्याच्या गडबडीत. तिनं माझ्याकडं पेन्सिल मागितली.